पोर्ट्रेटच्या कामासाठी फुल फ्रेम बॉडी: तीनवर येऊन अडकलेय

कवडसा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होते. आता डोक्याचा पार भुगा झाल्यावर धागा काढतेय.

सहा वर्षं क्रॉप सेन्सरच्या (फुल फ्रेमच्या ३६ × २४ मिलिमीटरपेक्षा लहान) डीएसएलआरवर, म्हणजे आरशातून बघायच्या कॅमेऱ्यावर, माणसांचे फोटो काढतेय. आधी हौस, मग ओळखीतली कामं, आणि गेल्या वर्षापासून पोट त्यावरच. काम तीन तऱ्हेचं. स्टुडिओत हेडशॉट, म्हणजे नट-नट्या आणि कचेरीतली मंडळी, दोन-तीन फ्लॅश लावून. कुटुंबांचे फोटो, ते बहुतेक बाहेर आणि हमखास उजेड जाताना, त्यात एक पोर पळत असतंच. आणि अधूनमधून एखाद्या मासिकासाठी लेखकाचं किंवा गायकाचं पोर्ट्रेट. लग्नं घेत नाही. पक्षी नाहीत, खेळ नाहीत, व्हिडिओ जवळजवळ शून्य.

पैसे साठलेत ते एक बॉडी आणि एक बरी लेन्स येईल इतके. मी तक्ता केला: अकरा मॉडेल, तेवीस रकाने. तीन आठवडे त्याकडे बघत बसल्यावर तीन नावं उरली, तिन्ही मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या. सोनी ए७ फोर (३३ मेगापिक्सेल), कॅनन आर६ मार्क टू (२४), निकॉन झेड८ (४५). आणि दर रात्री झोपण्याआधी ए७आर फाइव्हचे ६१ मेगापिक्सेल डोळ्यांसमोर येतात ते वेगळंच.

जे रोज माणसांसमोर कॅमेरा धरतात त्यांनी सांगा. तक्त्यातले रकाने मला पाठ आहेत, तक्त्यात नसलेलं हवंय.

बिनचेहऱ्याचा

६१ घ्या आणि मोकळ्या व्हा. पूर्ण उंचीचा फोटो काढायचा, त्यातूनच अर्धा आणि त्यातूनच हेडशॉट कापायचा. एका क्लिकमध्ये तीन फोटो. हाकानाका.

मंद झडप

कात्रीने हेडशॉट काढायचा असेल तर मॉडेलला उभं तरी कशाला करायचं, गर्दीचा एक फोटो काढून ठेवावा!

गंमत सोडा. पूर्ण उंचीसाठी जिथे उभं राहता तिथून कापलेलं डोकं आणि जवळ जाऊन काढलेलं डोकं ही दोन वेगळी चित्रं असतात. प्रकाशसुद्धा पूर्ण उंचीसाठी लावलेला असतो, चेहऱ्यासाठी नाही.

आता आकडे. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० × ४००० ठिपके. इंचाला ३०० ठिपक्यांनी छापलं तर २० × १३ इंच, आणि भिंतीवरचा फोटो कोणी नाक टेकवून बघत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात याच्या दुप्पटही खपून जातं. ६१ मेगापिक्सेल म्हणजे ९५०४ × ६३३६. आकडा अडीचपट, पण एका बाजूची वाढ दीडपटीहून थोडी जास्त, बस. त्या बदल्यात कॉम्प्रेस न केलेली एक रॉ (सेन्सरकडून आलेली कच्ची) फाइल १२० एमबीच्या घरात जाते. एका दिवसात चाळीस माणसांचे हेडशॉट, प्रत्येकी साठ फ्रेम धरल्या तर २४०० फाइली, म्हणजे २८८ जीबी. आणि ते दोन जागी ठेवायचं. लॉसलेस कॉम्प्रेशन वापरलं तर बरंच कमी होतं हे मान्य, पण संगणक तरीही रडतो.

शिवाय गालावरचं प्रत्येक रंध्र टिपलं जातं, आणि ते पुसायला रात्री तुम्हीच बसणार. मासिकाचं काम वाढलं किंवा मोठ्या छपाईचं गिऱ्हाइक आलं, तर ४५ किंवा ६१ला अर्थ आहे. आज नाही.

भिंगरी

बॉडीचा तक्ता केलात, लेन्सचा केलात का? मी उलटं सांगेन. आधी ८५ मिलिमीटरची लेन्स ठरवा, बॉडी तिच्या मागे मागे येईल.

सोनीचं ८५ एफ १.८ (एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते) हे ३७१ ग्रॅमचं. निकॉन झेडचं ८५ एफ १.८ एस ४७० ग्रॅम, आणि पूर्ण उघडं असतानाही टोकदार. कॅननकडे आरएफमध्ये (त्यांच्या मिररलेस बॉडीचं माउंट, म्हणजे लेन्स बसते ती जागा) एकीकडे ८५ एफ २ मॅक्रो आणि दुसरीकडे ८५ एफ १.२ एल. ते १.२ स्वप्नवत आहे, पण जवळजवळ १२०० ग्रॅम आहे हो. ६७० ग्रॅमच्या बॉडीपुढे ते लावून तीन तास उभं राहा आणि मग मनगटाला विचारा.

सोनीच्या माउंटला सिग्मा या दुसऱ्या कंपनीचं ८५ एफ १.४ मिळतं, सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास, आणि माझ्या मते पोर्ट्रेटवाल्यासाठी आज त्याच्याइतका शहाणा सौदा नाही. सिग्मा-टॅमरॉनची खरी रेलचेल सोनीकडेच. कॅननने आरएफ माउंट बराच काळ बंद ठेवलं. २०२४मध्ये सिग्मा-टॅमरॉनला दार किलकिलं केलं तेही क्रॉप सेन्सरच्या लेन्सपुरतं.

आणि एफ १.२च्या मागे लागण्याआधी एक हिशेब करून बघा. ८५ लेन्स, माणूस दोन मीटरवर, एफ १.८. स्पष्ट दिसणारी खोली सुमारे सहा सेंटीमीटर, अर्धी पुढे, अर्धी मागे. आता त्या माणसाने मान ४५ अंशांत वळवली. दोन बुबुळांत साधारण सव्वासहा सेंटीमीटर अंतर, म्हणजे मागचा डोळा पुढच्यापेक्षा साडेचार सेंटीमीटर मागे गेला. १.८ला तो मऊ होणार. १.२ला तर गेलाच. दोन्ही डोळे हवे असतील तर एफ २.८पर्यंत यावंच लागतं. एक डोळा मऊ ठेवणं ही आवड असू शकते, पण ज्याने ओळखपत्राजोगा हेडशॉट मागितलाय त्याला ती आवड सांगत बसू नका.

रिळवाला

वाचतोय. म्हाताऱ्याचे दोन आणे.

३६ × २४ मिलिमीटर ही चौकट काही देवाने आखलेली नाही. सिनेमाची रीळ आडवी धरून ती आली, १९२५ साली लायकाबरोबर बाजारात रुजली, आणि आम्ही त्यावेळी तिला 'छोटी' म्हणायचो. खरे पोर्ट्रेटवाले मोठ्या फिल्मवर काम करायचे. आता तिलाच 'फुल' म्हणतात.

चेहऱ्याची ठेवण सेन्सर ठरवत नाही, तुमचं आणि त्या माणसाचं अंतर ठरवतं. नाक मोठं दिसलं तर मागे सरका. क्रॉप सेन्सरवर ५६ एफ १.२ लावलंत तर फुल फ्रेमवरच्या ८५ एफ १.८सारखंच चित्र मिळेल, चौकटही तीच आणि धुसरपणाही जवळपास तोच. मग फुल फ्रेम कशाला, हे एकदा स्वतःला विचारा. उत्तर असेल तर खुशाल घ्या.

२००५ साली कॅननची पहिली ५डी आली तेव्हा मी रिळं सोडली. १२.८ मेगापिक्सेल. तिच्यावर काढलेली पोर्ट्रेट अजून भिंतींवर आहेत आणि अजून कोणी येऊन मेगापिक्सेल विचारलेले नाहीत.

एक प्रश्न: इतकं लिहिलंत, पण आत्ता तुमच्या पिशवीत काय आहे ते सांगितलंच नाहीत.

कवडसा

काका, फुल फ्रेम कशाला, तर संध्याकाळसाठी. माझी क्रॉप बॉडी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००ला गुडघे टेकते. आठ वाजता पळणारं पोर १/५०० सेकंदाला पकडायचं तर ३२०० ही तर सुरुवात आहे. शिवाय छोट्या स्टुडिओत ८५ लावलं की माझी पाठ भिंतीला लागते, क्रॉपवर ते खूपच लांबचं होतं.

पिशवीत काय, तर फार काही नाही हो. कॅननची डीएसएलआर, तिला आलेली किट लेन्स, एक ५० एफ १.८, आणि जुनं ईएफ (कॅनन डीएसएलआरच्या माउंटचं) ८५ एफ १.८, तेही वापरलेलं घेतलेलं. तीन फ्लॅश आणि ते दुरून उडवणारे साधे मॅन्युअल ट्रिगर. सगळं एकदम नवं करायचं म्हणून हिशेबातच धरलं नाही.

त्वचेच्या रंगाचं काय? सगळे म्हणतात कॅननचा रंग, कॅननचा रंग.

बिनचेहऱ्याचा

कॅननचा रंग तो कॅननचा रंग. सोनीवर माणसं काविळीची वाटतात.

दुपारची सावली

हे वाक्य मीही पाच वर्षं म्हणत होते. मग एकदा स्टुडिओत दोन मैत्रिणींबरोबर बसून करूनच बघितलं. एकच मुलगी, एकच सॉफ्टबॉक्स, तीन कंपन्यांच्या तीन बॉडी, सगळ्यांवर ८५च. पहिल्या फ्रेममध्ये तिच्या हातात रंगांचं कार्ड. रॉ फाइली, कार्डावरून प्रत्येक बॉडीचं प्रोफाइल, ग्रे कार्डावरून व्हाइट बॅलन्स. मग नावं झाकून पडद्यावर लावल्या. तिघींनी तीन वेगवेगळी उत्तरं दिली आणि मी माझ्याच कॅमेऱ्याचा फोटो दुसऱ्याचा म्हणून सांगितला.

कॅमेऱ्यातून थेट निघणाऱ्या जेपेगमध्ये फरक आहे, तो खोटा नाही. पण रॉवर काम करत असाल तर रंग हा बॉडीचा गुण कमी आणि प्रोफाइलचा जास्त.

सावळ्या त्वचेला त्रास होतो तो वेगळ्याच कारणाने. पिवळ्या दिव्यात लाल चॅनल आधी फुटतो आणि एकत्रित हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) मात्र 'सगळं ठीक' म्हणत राहतो. कपाळावर तेलकट चकाकीचा ठिपका येतो त्याखाली मग काहीच उरत नाही. म्हणून आरजीबीचे तीन वेगळे हिस्टोग्राम दिसतील अशी सोय चालू ठेवा. दुसरी चूक नेमकी उलटी. चकाकीला घाबरून एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) कमी काढायचं आणि नंतर सावल्या उचलायच्या. आजच्या सेन्सरवर त्या उचलल्याही जातात, पण त्वचा राखाडी पडते. सावळा चेहरा आधी प्रकाशाने उजळा, स्लायडरने नको.

आता तक्त्यात नसलेलं. तुम्ही डीएसएलआरवरून येताय म्हणून मुद्दाम सांगते.

मिररलेस घेतल्यावर स्टुडिओतला माझा पहिला दिवस. समोर एक वकीलबाई, वेळ मोजून वीस मिनिटं. सेटिंग नेहमीचं: आयएसओ १००, एफ ८, १/१६०. डोळा लावला तर व्ह्यूफाइंडरमध्ये काळोख. टोपी काढली का बघितलं. काढलेली होती. बॅटरी बघितली. बाई शांतपणे बघताहेत. शेवटी कळलं की कॅमेरा इमानदारीने दाखवतोय: फ्लॅश उडाला नाही तर या सेटिंगला फोटो असाच काळा येणार. आरशातून बघायची सवय, तिथे हा प्रश्नच नव्हता.

उपाय एका मेनूचा. सोनीवर लाइव्ह व्ह्यू डिस्प्लेमध्ये सेटिंग इफेक्ट बंद करायचा, कॅननवर एक्स्पोजर सिम्युलेशन बंद, निकॉनवरही तशीच सोय. स्वतःच्या कंपनीचा फ्लॅश दिसला की बऱ्याच बॉडी हे आपोआप करतात, पण साधा ट्रिगर त्यांना कळत नाही. आणि बाहेर गेलात की परत चालू करायचं, नाहीतर तिथे उलटी फसगत. म्हणून ते एखाद्या बटनावर बसवून टाका.

याच्याच शेजारची गोष्ट. काही बॉडी लेन्स पूर्ण उघडून फोकस करतात, काही ठरवलेल्या अॅपर्चरवरच करतात, काही मध्येच थांबतात (निकॉन झेड एफ ५.६च्या पलीकडे मिटवत नाही). मॉडेलिंग लॅम्प (फ्लॅशमधला सतत जळणारा दिवा) मंद असेल आणि तुम्ही एफ ११ला असाल तर हा फरक जाणवतो. फोकस मागेपुढे शोधत बसतो आणि समोरच्याचं हसू गोठतं. दुकानात उजेडात हे कधीच कळत नाही.

मंद झडप

सावलीताई, वकीलबाईंसाठी एक दंडवत. मी तर पहिल्यांदा कॅमेरा परत करायलाच निघालो होतो.

शटरबद्दल थोडं, कारण माझं नावच तसं आहे.

फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणारा सगळ्यात जलद शटर. ए७ फोरचा १/२५०. आर६ मार्क टूचा मेकॅनिकल शटरला १/२००, इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टनला (सुरुवात सेन्सर करतो, शेवट पडदा) १/२५०. स्टुडिओत हा फरक शून्य. बाहेर उन्हात मात्र गणित बघा. भर उन्हात आयएसओ १००, एफ १६ला १/१०० लागतो. पार्श्वभूमी विरघळवायला एफ २ला आलात की सहा स्टॉप उघडलेत, म्हणजे १/६४००. सिंक १/२००ला अडलेला. मधले पाच स्टॉप कुठे घालवणार? हाय स्पीड सिंक केला, म्हणजे त्याहून जलद शटरला फ्लॅश चालवला, तर फ्लॅशची ताकद फार घटते. म्हणून ३२चा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड अडवणारी काळसर काच, बरोबर पाच स्टॉप. बॉडी कोणतीही घेतलीत तरी हा फिल्टर लागणारच आहे. यातून सुटका देणारी बॉडी म्हणजे २०२३ची सोनी ए९ थ्री, ग्लोबल शटरमुळे (अख्खा सेन्सर एकदम वाचला जातो) हव्या त्या वेगाला फ्लॅश. पण ती खेळवाल्यांच्या खिशाची.

दुसरं, इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन. बऱ्याच बॉडीत हाच मूळ सेटिंग असतो आणि फार बरा असतो, हादरा कमी बसतो. पण उघड्या लेन्सला, म्हणजे एफ १.४ किंवा १.८, शटर १/२०००च्या वर गेला की पार्श्वभूमीतले दिव्यांचे गोल एका बाजूने चिरल्यासारखे दिसतात. संध्याकाळच्या पानांमधून येणारे ठिपके पुरे गोल यायला हवेत, ते कापलेल्या नखासारखे येतात. मी लेन्सला दोष देत महिनाभर फिरलो. उपाय: तेवढ्यापुरतं पूर्ण मेकॅनिकल. आणि म्हणूनच ज्या बॉडीत तो पर्यायच नाही, उदाहरणार्थ कॅनन आर८ किंवा सोनीच्या ए७सी जातीच्या, त्या पोर्ट्रेटवाल्याने दोनदा विचार करून घ्याव्यात.

पूर्ण इलेक्ट्रॉनिक, म्हणजे बिनआवाजी शटर, साध्या सेन्सरवर स्टुडिओत विसरा. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, फ्लॅश जमत नाही, आणि काही एलईडी दिव्यांखाली चेहऱ्यावर पट्टे येतात. झेड८ला मेकॅनिकल शटरच नाही हे वाचून लोक दचकतात, पण तिचा सेन्सर स्टॅक्ड आहे, इतका झपाट्याने वाचला जातो की फ्लॅशही व्यवस्थित चालतो. उत्तम बॉडी. फक्त बॅटरीसह ९१० ग्रॅम आणि तुमच्या कामाला तिच्यातलं अर्धं यंत्र लागणार नाही. वीस फ्रेम सेकंदाला कोणाच्या काढणार, चार्टर्ड अकाउंटंटच्या?

बिनचेहऱ्याचा

अकाउंटंट सहीच्या वेळी फार जलद असतात.

बरं, मोआरेबद्दल कोणी बोललं नाही. माझ्या ६१वर बारीक विणीच्या कोटावर इंद्रधनुष्य उगवतं. ते पुसताना आईची आठवण येते.

मंद झडप

शेवटी कबुली आली! लो-पास फिल्टर, म्हणजे बारीक नक्षी किंचित मऊ करणारा थर, नसलेल्या सेन्सरवर हे होतं. तो फिल्टर ए७आर फाइव्हमध्ये नाही, झेड८मध्ये नाही. कॅननने आर५मध्ये ४५ मेगापिक्सेल असूनही ठेवलाय. आर६ मार्क टूमध्येही आहे. कोटवाल्यांचे हेडशॉट रोजचे असतील तर हा रकाना तक्त्यात घाला.

रिळवाला

तक्त्यात रकाना नको, बाहेर या. बाईंनी पिशवी उघडून दाखवली आणि कोणीच आत बघितलं नाही.

त्यांच्याकडे ईएफ ८५ एफ १.८ आहे. १९९२ सालची रचना, सव्वाचारशे ग्रॅम. कॅननच्याच ईएफ-आरएफ अडॅप्टरवर ती नव्या बॉडीला लागते, डोळ्यावरचा फोकस चालतो. अडॅप्टरमध्ये काच नसते, नुसती नळी आणि विजेचे संपर्क. डीएसएलआरचं माउंट सेन्सरपासून ४४ मिलिमीटरवर, मिररलेसचं २० वर, मधले २४ भरून काढायचे इतकंच. सगळ्या अडॅप्टरचं असं नसतं. माझं जुनं निकॉनचं ८५ एफ १.४ डी जातीचं आहे. त्याची फोकसची मोटर बॉडीत असायची आणि जुन्या लेन्स झेडला जोडणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये ती नाही. त्यामुळे झेडवर ती लेन्स हाताने फिरवतो. मला चालतं, पळत्या पोरामागे तुम्हाला चालणार नाही.

आता खरा मुद्दा. पैसे एका बॉडीचे आहेत. ती बॉडी कामाच्या दिवशी, माणूस खुर्चीत बसलेला असताना बंद पडली, तर? पडते. माझी पडली आहे, शटरचं पातं अडकलं, समोर एक गायक आणि त्यांचं पुढचं विमान दोन तासांनी. दुसरी बॉडी पिशवीत होती म्हणून अब्रू राहिली.

सोनी किंवा निकॉन घेतलंत तर जुनी डीएसएलआर शोभेची. तिला लेन्स वेगळी, ट्रिगर तेच असले तरी ८५ वेगळं, सगळं दोन-दोन वागवायचं. आर६ मार्क टू घेतलीत तर तीच ८५ अडॅप्टर काढून जुन्या बॉडीला खटकन लागते आणि काम पुढे चालू. फक्त त्या दिवशी दोन पावलं मागे सरकायचं. आरएफ लेन्स घेतलीत तर हे होणार नाही बरं का, ती डीएसएलआरला लागतच नाही. म्हणून लेन्सची घाई करू नका.

भिंगरी

काका, हे मी लेन्सच्या नादात विसरलेच. अनुमोदन. पण प्रामाणिकपणे सांगते, त्या जुन्या ८५ला पूर्ण उघडल्यावर जांभळ्या कडा येतात. चष्म्याच्या धातूच्या दांडीवर, कानातल्यावर, पांढऱ्या कॉलरवर. एफ २.८ला बऱ्याच जातात. स्टुडिओत एफ ८ला पत्ताही लागणार नाही.

दुपारची सावली

दोन कार्डं. अजून कोणी म्हटलं नाही म्हणून म्हणते. तुमच्या तिन्ही बॉडींना दोन स्लॉट आहेत, छान. पण असून उपयोग नाही, मेनूत जाऊन दोन्हीकडे एकाच वेळी लिहायला सांगावं लागतं. मूळ सेटिंगला दुसरं कार्ड नुसतं बसून राहतं. माझं एक कार्ड एका संध्याकाळी वाचलंच गेलं नाही. दुसऱ्या स्लॉटमध्ये कार्ड होतं, कोरं करकरीत. त्या कुटुंबाला फोन केला तेव्हाची माझी अवस्था इथे लिहीत नाही.

कवडसा

धन्यवाद सगळ्यांना. वाचनखूण साठवली आहे, अख्खा धागाच.

ए७ फोर आणि आर६ मार्क टू दोन दिवस भाड्याने आणल्या. झेड८ मिळाली, पण हातात धरल्यावर परत ठेवली. सुंदर आहे, पण माझ्या हातांसाठी नाही.

स्टुडिओतला काळोख मला माहीत होता, तरी पहिल्यांदा दचकलेच! मॉडेलिंग लॅम्प मुद्दाम मंद करून एफ ८ला दोन्हींवर पन्नास-पन्नास फ्रेम काढल्या. चष्मा लावलेली मैत्रीण समोर. डोळ्याचा चौकोन दोन्हींवर लगेच बसतो. मात्र १००% मोठं करून बघितलं तर काचेवर प्रतिबिंब असेल तेव्हा दोन्ही कॅमेरे कधी कधी डोळ्याऐवजी चष्म्याची कड धरतात. एफ ८ला खपतं. एफ १.८ला पन्नासातल्या चार-पाच फ्रेम अशा गेल्या. यावर लॅम्प थोडा वर घेणं हाच इलाज दिसतो.

बाहेर भाचा पळवला. १/५००, आयएसओ ६४००. फाइली उघडल्या आणि इतकी वर्षं आपण काय सहन केलं असं झालं. सेन्सर हलवून स्थिर करायची सोय भाच्याला स्थिर करत नाही हेही कळलं. १/६०ला भिंत टोकदार, भाचा धूर.

सोनीच्या ३३ मेगापिक्सेलमध्ये कापायला जरा जास्त जागा मिळते, हे खरं. पण तासाभराने माझी करंगळी बॉडीच्या खाली लोंबकळायला लागली. कॅननवर चारही बोटं बसली. हा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता.

जुनं ८५ आर६वर आता नवंच वाटतंय. डीएसएलआरवर मी त्याला पूर्ण उघडायची नाही, दहातल्या चार फ्रेम फोकस चुकायच्या, आणि मी लेन्सच वाईट म्हणत होते. ती बिचारी बरोबर होती. जांभळ्या कडा मात्र आहेत, भिंगरी म्हणाली अगदी तशाच, मैत्रिणीच्या चष्म्याच्या दांडीवर.

तर आर६ मार्क टू सांगून आले. लेन्स आत्ता नाही, फक्त अडॅप्टर. दोन कार्डं, दोन्हीकडे लिहायचं सेटिंग पिशवीत ठेवण्याआधी. एनडी ३२ घेतला. संगणकाला जोडायची लांब केबलही, कारण हेडशॉटवाल्यांना मोठ्या पडद्यावर दाखवलं की ते स्वतःच हनुवटी खाली घेतात, मला सांगावं लागत नाही. लेन्सचे पैसे उरलेत. त्यातून मोठा ऑक्टाबॉक्स (अष्टकोनी सॉफ्टबॉक्स) घ्यावा म्हणतेय. ९० सेंटीमीटरचा की १२०चा?

रिळवाला

छताची उंची किती?

मंद झडप

काका, थांबा. ताई, त्याला वेगळा धागा काढा. तिथे भांडायला माझ्याकडे बरंच आहे.

बिनचेहऱ्याचा

१५०चा घ्या आणि कापा.